रात्रभर भिजलेली कॉफी

मे महिन्यातील गोष्ट. पुण्याला अभियांत्रिकी शिकत असलेला माझा एक जुना विद्यार्थी सुटीत निलंग्याला आला आणि भर दुपारी मला भेटायला घरी आला. हातात काचेची बाटली, बाटलीत काळसर तांबूस पाणी.

"सर, तुमच्यासाठी कॉफी आणली आहे."

"अरे, पण ती पार थंड झाली की!"

"थंड झाली नाही सर. ही कधी गरम झालीच नव्हती. भरड कॉफी गार पाण्यात बारा तास भिजवायची आणि गाळायची. चुलीचा संबंधच नाही. हिला कोल्ड ब्रू म्हणतात. पुण्यात आता सगळीकडे मिळते."

आतून आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे आपण धन्याचं पाणी करतो, तसंच की!"

विद्यार्थी हसला. मी मात्र हसलो नाही, कारण ते वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर होते. उन्हाळ्यात रात्री धने भिजत घालून सकाळी ते पाणी खडीसाखर घालून पिण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. माठात वाळ्याची जुडी सोडतात, तीही त्यातलीच. आयुर्वेदात तर या कृतीला स्वतंत्र नाव आहे. वनस्पतीतील गुण पाण्यात उतरवण्याचे तीन प्रकार शार्ङ्गधरसंहितेत सांगितले आहेत. सोळापट पाण्यात उकळून ते आठव्या हिश्शावर आणले की तो क्वाथ, म्हणजे काढा. चौपट गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळले की तो फांट. आणि सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळले की तो हिम. आता गंमत पाहा. कोल्ड ब्रूचा घट्ट अर्क करताना एक भाग कॉफीला चार ते आठ भाग पाणी घेतात. शार्ङ्गधराचे सहापट बरोबर मध्ये बसते! आपला चहा म्हणजे काढा, गाळणीतून ओतलेली कॉफी म्हणजे फांट, आणि ही पुण्याची बाटली म्हणजे हिम.

या हिमाला व्यापारी रूप मिळाले ते अमेरिकेत. १९६४ मध्ये टॉड सिम्प्सन नावाच्या रसायन अभियंत्याने घरी थंड पाण्यात कॉफी करण्याचे एक साधे भांडे तयार केले. पुढे बरीच वर्षे ते हौशी लोकांपुरतेच राहिले. २०१५ मध्ये स्टारबक्ससारख्या मोठ्या साखळीने अमेरिकेतील आपल्या दुकानांत हा प्रकार ठेवला आणि मग त्याचा प्रसार झपाट्याने झाला. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या कॉफीगृहांतून तो आला आणि आता बाटल्यांतून व भिजवायच्या पुड्यांतून लातूरपर्यंत पोचू लागला आहे. महाराष्ट्रात कॉफीचे मळे म्हणाल तर ते अमरावती जिल्ह्यात, सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला. आपल्या मराठवाड्यात कॉफी ही मुख्यतः जायफळ घालून, दुधात उकळून, पाहुण्यांसाठी करायची वस्तू. तीही बहुधा झटपट कॉफीची. ही झटपट कॉफी म्हणजे आधीच काढलेल्या अर्काची वाळवलेली पूड. ती पाण्यात सगळीच्या सगळी विरघळते, मागे चोथा राहत नाही. त्यामुळे तिला रात्रभर भिजवण्यात काहीच अर्थ नाही. पुढे जे लिहिले आहे ते भाजून दळलेल्या खऱ्या बियांविषयी आहे.

मला त्या बाटलीत रस वाटला तो चवीमुळे नव्हे, एका प्रश्नामुळे. गरम पाण्यात जे काम चार मिनिटांत होते, त्याला गार पाण्यात बारा तास का लागावेत? बारा तास म्हणजे ७२० मिनिटे. म्हणजे १८० पट वेळ! एवढा फरक कशामुळे पडतो?

वर्गात हा प्रश्न विचारला की पहिले उत्तर ठरलेले असते: "सर, गरम पाण्यात पदार्थ जास्त विरघळतो." हे खरे आहे. कॉफीतील कॅफीनच घ्या. साध्या तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात ते सुमारे २ ग्रॅम विरघळते. ८० अंश सेल्सियसला १८ ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात तब्बल ६७ ग्रॅम. पण म्हणून हे आपल्या प्रश्नाचे उत्तर ठरते का? हिशेब करून पाहू. १०० ग्रॅम कॉफी ८०० मिलिलिटर पाण्यात भिजवली. अरेबिका जातीच्या कॉफीत वजनाच्या सुमारे १.२ टक्के कॅफीन असते, म्हणजे १०० ग्रॅममध्ये १.२ ग्रॅम. ते सगळे पाण्यात उतरले असे धरले, तरी १०० मिलिलिटरमध्ये फक्त ०.१५ ग्रॅम. गार पाण्याची ताकद २ ग्रॅमची, आणि त्याच्यावर ओझे ०.१५ ग्रॅमचे. दहा खोल्यांच्या धर्मशाळेत एकच पाहुणा उतरावा तसे हे झाले. जागा नाही म्हणून कॅफीन बाहेर येत नाही असे नव्हे. जागा भरपूर आहे, यायला वेळ लागतो. किती विरघळेल हा एक प्रश्न आणि किती वेळात विरघळेल हा दुसरा. परीक्षेत या दोन प्रश्नांची गल्लत करणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो.

वेळेचा प्रश्न आला की आपल्याला विसरणाकडे वळावे लागते. दाण्याच्या आत अडकलेला कॅफीनचा रेणू बाहेर येतो कसा? त्याला कोणी ओढून आणत नाही. त्याला वाटही ठाऊक नसते. भोवतालचे पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी धक्के देतात आणि तो इकडून तिकडे भरकटतो. जत्रेच्या गर्दीत हात सुटलेले पोर जसे लोकांच्या लोंढ्याबरोबर कधी पुढे, कधी मागे जाते, तसे.

हे भरकटणे समजून घेण्यासाठी अंगणात एक खेळ करा. जमिनीवर एक रेघ मारा आणि तिच्यावर उभे राहा. नाणे उडवा. छाप पडला तर एक पाऊल पुढे, काटा पडला तर एक पाऊल मागे. शंभर वेळा उडवल्यावर तुम्ही रेघेपासून किती दूर असाल? वर्गातील तीस-चाळीस जणांनी हा खेळ केला, तर कोणी रेघेजवळच घुटमळेल, कोणी पंधरा-वीस पावलांवर असेल, पण सर्वसाधारण अंतर दहा पावलांच्या आसपास येईल. दहा म्हणजे शंभराचे वर्गमूळ. वीस पावले दूर जायचे तर शंभर नव्हे, चारशे वेळा नाणे उडवावे लागेल. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट, तिप्पट झाले की नऊपट. विसरणाचे गणिती नियम १८५५ मध्ये आडोल्फ फिक याने मांडले, आणि त्यांच्यामागे रेणूंचे हे भरकटणे कसे आहे ते १९०५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवले.

आता आकडे घालू. कॅफीनसारख्या लहान रेणूला पाण्यात भरकटत एक मिलिमीटर जायला ढोबळमानाने १००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे लागतात. मग दहा सेंटिमीटर जायला? अंतर १०० पट, म्हणून वेळ १०,००० पट. एक कोटी सेकंद. हे जवळजवळ चार महिने झाले! म्हणजे तळाशी पडलेल्या कॉफीचा अर्क केवळ विसरणाने भांडेभर पसरायचा म्हटले, तर दिवाळीत भिजवलेली कॉफी शिमग्यालाच गाळावी लागेल. तसे होत नाही, कारण भांड्यातले पाणी स्वतः हलते. तापमानातील बारीकसा फरक, अर्काची जास्त घनता, आपण मारलेले दोन ढवळे, यांनी पाणी फिरत राहते. पण दाण्याच्या आत चमचा पोचत नाही. तिथे रेणूला भरकटतच यावे लागते.

तापमानाने या भरकटण्याचा वेग किती वाढतो? दोन गोष्टी बदलतात. एक, निरपेक्ष तापमान वाढते, म्हणजे धक्के जोरकस होतात. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, पाणी पातळ होते. आपल्याला जाणवत नाही, पण ९३ अंशांच्या पाण्याची श्यानता ३० अंशांच्या पाण्याच्या श्यानतेपेक्षा निम्म्याहूनही कमी असते. विसरणाचा वेग निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात आणि श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. मे महिन्यात निलंग्यात रात्री घरात ठेवलेले पाणी ३० अंशांचे आहे असे धरा. ३० अंश म्हणजे ३०३ केल्व्हिन, श्यानता ०.८० एकक. ९३ अंश म्हणजे ३६६ केल्व्हिन, श्यानता ०.३०५ एकक. ३६६ भागिले ३०३ म्हणजे १.२१, आणि ०.८० भागिले ०.३०५ म्हणजे २.६२. दोहोंचा गुणाकार ३.२. फक्त सव्वातीन पट! फ्रीजमधील ५ अंशांच्या पाण्याशी तुलना केली तरी हा आकडा साडेसहापटीच्या वर जात नाही.

आपल्याला मात्र १८० पटीचा हिशेब द्यायचा आहे.

थोडी मदत दाण्याच्या आकाराची होईल. कोल्ड ब्रूला कॉफी भरड दळतात, रव्यासारखी किंवा त्याहून जाड. नेहमीच्या गाळणीच्या पुडीपेक्षा दाणा तिप्पट मोठा आहे असे समजू. वर्गाच्या नियमाने वेळ नऊपट. नवाला ३.२ ने गुणले की सुमारे २९ पट. चार मिनिटांचे दोन तास झाले. बारा तासांपासून आपण अजून बरेच दूर आहोत.

इथपर्यंत गणित करून मी थांबलो आणि प्रत्यक्ष कोणी मोजून पाहिले आहे का ते शोधले. फिलाडेल्फियातील मेगन फुलर आणि निनी राव या दोन रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये नेमके हेच मोजून प्रसिद्ध केले आहे. साध्या तापमानाच्या पाण्यात कॉफी भिजवून त्यांनी ठरावीक वेळाने कॅफीनचे प्रमाण मोजले. सुमारे ४०० मिनिटांनी, म्हणजे सातेक तासांनी, ते वाढायचे थांबले. पुढचे तास निदान कॅफीनच्या दृष्टीने वायाच जातात. बारा तास किंवा रात्रभर हा आकडा बहुतेक आपल्या झोपेच्या सोयीने आलेला असावा. रात्री भिजवायचे, सकाळी गाळायचे. धन्यांनाही आपण तेच करतो.

पण त्यांचा दुसरा निष्कर्ष वाचून मी चक्रावलो. मध्यम दळलेली आणि भरड दळलेली कॉफी यांच्यात थंड पाण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माझा नऊपटीचा वर्गनियम तिथे दिसलाच नाही! काम ज्या पायरीवर अडते ती पायरी दाण्याच्या बाहेरच्या पृष्ठफळावर अवलंबून नाही, असे त्यांनी म्हटले आहे.

मग ती पायरी कोणती? कॉफीचा दाणा म्हणजे काही साखरेचा खडा नव्हे. ते जाड भित्तिकांच्या पेशींचे घट्ट बांधकाम आहे. कॅफीन आणि इतर द्रव्ये त्या पेशींमध्ये कोंडलेली असतात. भाजताना तयार झालेला कार्बन डायॉक्साइड वायू छिद्रांत दडून असतो आणि पाण्याला आत शिरू देत नाही. बियांतले तेलही पाण्याला दूर ठेवते. गरम पाणी हा वायू फसफसून बाहेर काढते, तेल सैल करते, भित्तिका मऊ करते. गार पाणी यांतले काहीच जोमाने करत नाही. ते झिरपत राहते. एकेका पेशीच्या भिंतीशी वेळ जात असेल, तर दाणा लहान की मोठा याने फारसे बिघडत नाही, कारण पेशी दोन्हींत सारख्याच आकाराची असते. मला हे स्पष्टीकरण पटण्यासारखे वाटते. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात झालेल्या एका कामाचाही त्याला आधार मिळतो. तिथे थंड पाण्यातील कॉफीवर श्राव्यातीत ध्वनीच्या लहरी सोडल्या. त्यांनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्या माऱ्याने पेशींच्या भिंती फाटतात. कॉफी तीन मिनिटांच्या आत तयार झाली, पाणी न तापवता! भिंत फोडली आणि वेळ वाचला. तरीही कागदावरचा सरळ हिशेब आणि प्रयोगाचा आकडा यांत अजून फट आहे, आणि ती मी इथे बुजवून दाखवत नाही.

ही कॉफी कमी आंबट असते, त्यामुळे पित्त होत नाही, असे माझ्या विद्यार्थ्याने ऐकले होते. याच दोघींनी २०१८ मध्ये तेही तपासले. गरम आणि थंड, दोन्ही कॉफींचा सामू ४.८५ ते ५.१३ यांच्या दरम्यान, जवळजवळ सारखाच निघाला. मात्र अल्कली घालून एकूण आम्ल मोजले, तेव्हा ते गरम कॉफीत जास्त भरले. म्हणजे ऐकीव गोष्ट अर्धी खरी, आणि पित्ताविषयी तर या आकड्यांवरून काहीच सांगता येत नाही. चव सौम्य लागते हे मात्र खरे. कडूपणा आणि तुरटपणा आणणारी काही द्रव्ये गार पाण्यात कमी उतरतात. वासाचे म्हणाल तर कॉफी उकळताना जो सुगंध घरभर दरवळतो, तो कपातून निसटलेला असतो. वाळा उकळून प्यायची रीत का नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

आता थोडे हाताने करायचे. कॉफी नसेल तर साधी चहापूड चालेल.

काचेच्या दोन पेल्यांत माठातले पाणी सारखे भरून घ्या. दोन सारख्या पातळ पुरचुंड्यांत एक-एक चमचा पूड बांधा. एक पुरचुंडी दोऱ्याने पाण्याच्या पृष्ठभागालगत लोंबकळत ठेवा, दुसरीला खडा बांधून तळाशी सोडा. पेल्यांना हात न लावता उजेडासमोर पाहत बसा. वरच्या पुरचुंडीतून तांबूस धागे निघून खाली उतरताना दिसतील. अर्क पाण्यापेक्षा जड असल्याने तो तळाला जातो आणि ताजे पाणी वर येते. खालच्या पेल्यात अर्क तळाशीच थर करून बसेल. अर्ध्या तासाने दोन्ही पेले चमच्याने ढवळा आणि रंग ताडून पाहा. वाळ्याची जुडी माठात तळाशी टाकावी की वर तरंगती ठेवावी, याचे उत्तर तुम्हाला मिळेल.

दुसरा प्रयोग वर्गनियमाचा. फिलाडेल्फियाच्या प्रयोगाशी आपले जमते का ते पाहायचे. भाजलेल्या कॉफीच्या बिया मिळाल्या तर उत्तमच. त्या कुटून दोन चाळण्यांनी भरड आणि बारीक असे भाग वेगळे करा. सारख्या वजनाचे भाग सारख्या पाण्यात भिजवा आणि दर अर्ध्या तासाने ढवळून चमचाभर पाणी परीक्षानळीत काढा. रंग मोजायला यंत्र नको. गरम पाण्यात केलेला कडक अर्क घ्या. त्यात एकपट, तिप्पट, सातपट, पंधरापट पाणी मिसळून चार नळ्या भरून ठेवा. ही झाली तुमची मोजपट्टी. पांढऱ्या कागदासमोर नळी धरून ती कोणत्या नळीशी जुळते ते लिहायचे आणि वेळ व रंग यांचा आलेख काढायचा. शिक्षकांनी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी: कॅफीन रंगहीन असते. आपण मोजतो तो रंगद्रव्यांचा वेग आहे, कॅफीनचा नव्हे, आणि दोन्ही सारखेच असतील असे नाही. माझ्या विद्यार्थ्यांचे आकडे मी मुद्दामच देत नाही. दिले की तुमचेही तसेच येतील!

हे पाणी प्यायचे असेल तर ते आधी उकळून, झाकून गार केलेलेच हवे. चहा करताना पाणी उकळते आणि त्यातले जंतू आपोआप मरतात. आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की ते ध्यानातही येत नाही. कोल्ड ब्रूमध्ये ही पायरीच नाही. आमच्याकडे मेमध्ये दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि पाणी बोअरचे, टँकरचे, मिळेल तिथले. न उकळलेल्या पाण्यात पूड टाकून ते ओट्यावर दिवसभर ठेवणे म्हणजे जंतूंची खानावळ उघडणे. भिजवणे फ्रीजमध्ये करावे. वेळ वाढेल, पण वर पाहिल्याप्रमाणे रात्र पुरते.

आता त्या बाटलीकडे परत येतो. विद्यार्थ्याने सहज सांगितले की परीक्षेच्या दिवसांत रात्री दहाला तो यातला एक पेला घेत असे. पाणी मिसळून? नाही, तसाच. मग आम्ही वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. १०० ग्रॅम कॉफी, ८०० मिलिलिटर पाणी, म्हणजे मिलिलिटरला जास्तीत जास्त दीड मिलिग्रॅम कॅफीन. पेला २०० मिलिलिटरचा. ३०० मिलिग्रॅम! युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढ माणसासाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. मुलांसाठी दिवसाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे ३ मिलिग्रॅम. तुमचे वजन ४५ किलो असेल तर १३५ मिलिग्रॅम, म्हणजे या अर्काचे ९० मिलिलिटर, अर्धा पेलासुद्धा नाही. आणि ही अरेबिकाची गोष्ट झाली. रोबस्टा जातीत कॅफीन जवळजवळ दुप्पट असते. गरम कॉफी कडू लागते, चटका देते, म्हणून आपण ती जपून पितो. ही गार, सौम्य आणि गोडसर, सरबतासारखी घशाखाली उतरते. घट्ट अर्कात तितकेच किंवा त्याहून अधिक पाणी मिसळायचे असते, हे बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलेही होते.

प्रौढांच्या शरीरातले निम्मे कॅफीन कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाचे ३०० मिलिग्रॅम पहाटे तीनला १५० उरतात आणि सकाळी आठला ७५. आठला तो परीक्षेला निघत असे. लातूरला शिकवणीसाठी खोल्या घेऊन राहणारी, दहावी-बारावीची मुले रात्री जागण्यासाठी काय काय पितात ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून हा आलेख मी त्याला काढायला लावला. वेळ आडव्या अक्षावर, कॅफीन उभ्या अक्षावर, दर पाच तासांनी निम्मे. ही रेषा किरणोत्सर्गी ऱ्हासाच्या आलेखासारखीच उतरते हे त्याच्या आपणहून लक्षात आले.

उरलेल्या अर्कात चौपट पाणी आणि थोडी साखर घालून आम्ही तिघांनी तो घेतला. सौ. म्हणाल्या, "बरं लागतंय. पण यात जायफळ हवं होतं."